आडवी गाडी

शेजारची पा लमियत, म्हणजे लमियत काकू, माझ्या गाडीची माफी मागायला आली. दार उघडलं तर ही दोन्ही हात जोडून उभी, मनगटात रामबुतान फळांची पिशवी लटकलेली, आणि म्हणते कशी, त्या दिवशी आमचे हे तुझ्या डिकीवर ओकले म्हणे, मला आज वॉचमनकडून कळलं, तुला स्वतःच्या हातानं धुवावं लागलं असेल, फार लाज वाटली बघ, पियाक. मी पिशवी घेतली. घ्यायला नको होती. पण न घेतली असती तर तिला वाटलं असतं हा रागावलाय, आणि घेतली म्हणून आता तिला वाटणार, यानं माफ केलं. म्हणजे दोन्हीकडून मीच मोठ्या मनाचा. तिकडे तिचा नवरा, लुंग समरुआय, सरकारी दवाखान्यात उजवं अंग लुळं होऊन पडलाय, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, आणि ही बाई माझ्याकडे माफी मागतेय ती एका पत्र्याच्या डिकीची. ती डिकी धुताना मला ओकारीची किळस आलीच नव्हती. तिथे दोन पंजे उमटले होते, मोठाले, बोटं फाकलेली, आणि त्यांच्याखाली हात घसरत गेल्याचा फराटा. पाण्याचा पाइप धरला तरी ते पटकन जाईनात. मी फडकं घेऊन घासले. पुरावा पुसणारा माणूस घासतो तसे घासले, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं होतं, मी गाडी धुतोय.

"आत ये ना, पा," म्हणालो. ती चपलांपाशीच उभी राहिली आणि हसत हसत सांगू लागली, कारण वाईट बातमी हसतच सांगायची आमची सगळ्यांची खोड. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज येते म्हणाली, गोड आहे, आजोबा आजोबा करते, पण ती आली की हे डोळे मिटून घेतात. डॉक्टर म्हणतात, आत्ता हलवलं तरच अंग हलेल, आता आळस केला तर जन्मभर असंच राहील. "मी म्हटलं, करा हो थोडं. तर म्हणतात, एक गाडी हलली नाही माझ्याच्यानं, आता हात हलवून काय उजेड पाडू?" हे सांगतानाही ती हसत होती, आणि मग म्हणाली, तू ये एकदा, तुझं ऐकतील, तुझ्यावर त्यांचा फार जीव. मी म्हटलं, येतो. ती गेल्यावर मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसलो. एक गाडी हलली नाही माझ्याच्यानं. ती गाडी माझी. आणि ती हलली नाही कारण तिला ब्रेक लागलेला होता. हे जगात फक्त मला माहीत आहे. लुंगना वाटतंय, आपली ताकद संपली. मला माहीत आहे, ताकद संपली नव्हती, त्यांनी आपली सगळी ताकद एका जाम चाकावर लावली आणि ती त्यांच्याच डोक्यात फुटली.

आमच्या बिल्डिंगमध्ये, म्हणजे लाड प्राव रस्त्याच्या बाजूच्या सगळ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये, जागा कमी आणि गाड्या उदंड. उशिरा येणारा आपली गाडी रांगेतल्या गाड्यांसमोर आडवी लावतो. चाकं सरळ, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. सकाळी ज्याला निघायचंय तो येतो, आडवी गाडी हातानं ढकलतो, आपली काढतो, निघून जातो. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणी भांडत नाही. माझा बाप टॅक्सी चालवायचा, आणि बापाला फारशा गोष्टींची चाड नव्हती, पण आडवी गाडी लावून आला की पुन्हा एकदा वळून तिला तळहातानं ढकलून बघायचा. चार बोटं हलली की समाधानानं वर यायचा. ब्रेक लावून आडवी गाडी ठेवणाऱ्या माणसाला तो जी शिवी द्यायचा ती मी आईसमोर कधी उच्चारू शकलो नाही. आणि लुंग समरुआय तर या कामाचे राजेच. सगळा जन्म बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात गेला, निवृत्त झाल्यावर हातांना काही सुचेना, म्हणून रोज सकाळी अर्धी चड्डी आणि बंडी घालून पार्किंगमध्ये हजर. बायका ऑफिसच्या उंच टाचांवर यायच्या, लुंग म्हणायचे, तू बस गं आत, मी आहे. पाठ लावायचे, पाय रोवायचे, आणि गाडी निघायची. बापाच्या थोरल्या भावाला म्हणायचं ते लुंग, पण त्यांना ते अख्खी बिल्डिंग म्हणायची, त्यांच्याहून म्हातारे असलेलेसुद्धा.

ही गाडी मी आणली तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी अब्रू गेली होती. हिला ओढायचा हँडब्रेक नाही, एक बटण आहे. बरं, ते आपण दाबलं नाही तरी गाडी बंद केली की ही बया आपली आपण ब्रेक लावून घेते. मी भाबडेपणानं आडवी लावून वर गेलो, आणि सकाळी खाली रांगेत अडकलेली माणसं, वॉचमनची शिट्टी, आणि लुंग माझ्या गाडीला टेकून उभे. म्हणाले, पियाक, गाडी आणलीस की देऊळ बांधलंस? मग मी पुस्तिका वाचली, गाडीच्या पडद्यावरच्या यादीत आत आत शिरून ते आपोआप लागणं बंद केलं, आणि सगळ्यांसमोर लुंगना हात धरून आणलं. ढकला, म्हटलं. त्यांनी एका हातानं ढकलली. गेली. सगळे हसले. मी त्यांना शब्द दिला की ही गाडी आता कधी अडणार नाही. एवढा मोठा शब्द कशाला द्यायचा? पण दिला. खरं सांगायचं तर मला त्यांनी पाठीवर थाप मारलेली आवडली होती, एवढंच त्याचं कारण.

त्या शनिवारी सकाळी मी मागचे ब्रेक पॅड बदलले. गॅरेजमध्ये नेता आली असती. पण मला स्वतःच्या हातानं करायची हौस, आणि हौसेपेक्षा जास्त हौस कुणीतरी बघत असण्याची. बाप रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून पॅड बदलायचा, क्लॅम्प लावून पिस्टन आत दाबला की झालं. या बटणाच्या ब्रेकला ते चालत नाही. मागच्या चाकापाशी एक छोटी मोटर असते, ती पिस्टनला आतून धरून बसलेली, तिला आधी सांगावं लागतं की बाई, दुरुस्ती चाललीय, मागे हट. न सांगता जबरदस्ती केली तर मोटर मरते. मी जॅक लावला, चाक काढलं, आत बसून बटण आणि पेडल पुस्तिकेत सांगितलंय तसं दाबून धरलं. मागून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला आणि मोटर हटली. लुंग तोवर येऊन उभेच होते, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली बर्फाची कॉफी. ब्रेक लावायला बटण, सोडायला बटण, म्हणाले, उद्या बायकोला जवळ घ्यायलाही बटण आण. मी म्हटलं, बायको खोन केनला असते, लुंग, तेवढी लांब रेंज जात नाही. ते एवढे हसले की कॉफी बंडीवर सांडली.

मग मी बॅटरीची तार काढली. ती सगळेच काढायला सांगतात, आपली बोटं आत असताना मोटरला काही आठवलं आणि ती फिरली तर बोटाचा चुरा होतो. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सोडले, जुने पॅड काढले, झिजून नाण्याएवढे पातळ झालेले. हातांना ती काळी भुकटी लागली, जी साबणानं जात नाही आणि जेवताना नखांच्या कडेला दिसत राहते. नवे पॅड बसवले, लुंगनी मोबाइलचा उजेड धरला, मधूनमधून माझ्या बापाची चौकशी केली, म्हणजे मेलेल्या बापाची, तो हे कसं करायचा वगैरे. मला फार बरं वाटत होतं. सगळं जोडलं, तार लावली, दुरुस्ती संपली असं गाडीला सांगितलं, आणि ब्रेकचं पेडल दाबलं. पहिल्यांदा पाय थेट खाली गेला, ते जातंच, पुन्हा पुन्हा दाबल्यावर पायाखाली काहीतरी भरत आल्यासारखं झालं आणि पेडल कडक झालं. घड्याळ बारा दाखवत होतं, ते लावलं. रेडिओवरची स्टेशनं पुसली गेली होती, ती एक एक शोधून पुन्हा भरली. लुंगना आवडणारं जुन्या गाण्यांचं स्टेशनसुद्धा भरलं. म्हणजे तार काढल्यावर गाडी सगळं विसरली, हे मला कळलेलं होतं. डोळ्यांना दिसत होतं, कानांना ऐकू येत होतं. आणि ती आणखी एक गोष्टही विसरली असेल, ब्रेक आपोआप लावू नकोस ही, हे डोक्यात येऊ नये? लुंगनी विचारलं, "झालं? ढकलता येईल ना पहिल्यासारखी?" मी हात पुसत म्हणालो, "बोटानं ढकला." बोटानं. हे असलं बोलायची मला गरज काय होती?

रविवारी संध्याकाळी आलो, आडवी लावली, गिअर न्यूट्रलवर टाकला, गाडी बंद केली, वर गेलो. आता खरी गोष्ट इथे आहे आणि मी तिच्याभोवती फिरतोय. गाडी बंद केल्यावर मागून तो आवाज आला का? तो कण्हल्यासारखा? आलाच असणार. मोटर फिरली म्हणजे आवाज आलाच. मी ऐकला का? कधी वाटतं, ऐकलाच नाही, मी पिशवीतल्या शेवयांचं सूप सांडू नये म्हणून धडपडत होतो. कधी वाटतं, ऐकला, आणि मनात आलं की नवे पॅड आहेत, बसत असतील. आणि कधी, आंघोळ करताना, तोंडाला साबण असताना, अगदी स्वच्छ दिसतं की मी दारापाशी थबकलो होतो. पाव पाऊल. मग लिफ्टचं दार उघडं दिसलं आणि पळालो. बापासारखं वळून तळहात लावून बघायला काय झालं होतं? हे मी स्वतःला एवढ्या वेळा विचारलंय की आता थबकल्याचं खरंच आठवतं की मीच ते तिथे आणून ठेवलंय, हे मला सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी मी न्हाणीत होतो, फोन चार्जिंगला. काचेमागे माझा नंबर ठेवलेला असतो, त्यावर बेंजा बाईंनी फोन केले होते. या चौथ्या मजल्यावरच्या, शाळेत शिकवतात, त्यांची गाडी माझ्या गाडीमागे अडकलेली. मी खाली गेलो तो गर्दी होती. लुंग जमिनीवर कुशीवर पडलेले, एक डोळा उघडा, बंडी भिजलेली. पा लमियत त्यांच्या डोक्याखाली आपली चप्पल सारत होती, का कोण जाणे चप्पल. अँब्युलन्स आली, स्ट्रेचर जाईना, कुणीतरी ओरडलं, ही आडवी कुणाची, काढा. मी आत बसलो. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा पेटला होता. मी बटण दाबलं, मागे मोटर कण्हली, दिवा गेला, आणि मी गाडी पुढे घेतली. इंजिन, माणसं, शिट्टी, त्यात कुणाला काय कळणार. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो. अरे देवा, ब्रेक लागलेला होता, एवढेच शब्द. मी गाडी व्यवस्थित, भिंतीला समांतर लावली.

आणि माझा धंदा काय, तर विमा कंपनीच्या वतीनं अपघाताच्या जागी जायचं आणि चूक कुणाची ते ठरवायचं. मोटरसायकलवरून जातो, दोन्ही बाजू ऐकतो, खडूच्या खुणा बघतो, फोटो काढतो. माणसं रस्त्यात उभी राहून काय काय सांगतात! तो मध्ये आला, उजेड डोळ्यावर आला, मी तर हॉर्न दिला होता. मी मान हलवतो आणि मनात म्हणतो, लेका, तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत असतं. चुकलेल्या माणसाचे डोळे आधी माझ्याकडे बघतात आणि मग आपल्या गाडीकडे. लुंग पडल्यापासून मी कामावर गेलो की लोकांचे डोळे बघायचं टाळतो. परवा एक पोरगी रडत म्हणाली, चूक माझी, मी मोबाइल बघत होते. मला तिचा इतका राग आला की बाजूला जाऊन उभा राहिलो. एवढं सोपं असतं होय?

बिल्डिंगनं तोवर आपली चूक शोधून काढली होती. चूक बेंजा बाईंची. लिफ्टमध्ये दोघी बोलत होत्या, म्हाताऱ्या माणसाला ढकलायला लावायचं म्हणजे काय, शाळेला पाच मिनिटं उशीर झाला असता तर आभाळ कोसळलं असतं का. एकीनं माझ्याकडे बघितलं, आणि मी, हा मी, म्हणालो, "हो ना." लिफ्टच्या आरशात मला माझं तोंड दिसत होतं. दुसऱ्या दिवशी बेंजा बाई जिन्यानं जाताना दिसल्या. चौथा मजला, हातात वह्यांचा गठ्ठा, आणि जिन्यानं. पा लमियत मात्र कुणालाच बोल लावत नव्हती. तिचं म्हणणं, त्यांचं कर्म. मागच्या जन्मी काही केलं असेल, फेडतायत. ती देवळात जाऊन त्यांच्या नावानं भिक्षूंना जेवण घालून आली, आणि त्या पुण्यात माझाही वाटा घातला म्हणाली, तुझी सकाळ वाया गेली ना आमच्यापायी. कर्म हा शब्द माझ्या किती सोयीचा आहे हे मला तेव्हा कळलं. माझी मोटर, माझी तार, माझं बोटानं ढकला, सगळं त्याच्यात मावत होतं. मी तिला म्हटलं, खरं आहे, पा. आणि रामबुतान फ्रीजमध्ये काळे पडत गेले, मला खाववले नाहीत, टाकवलेही नाहीत.

दवाखान्यात जायचं मी रोज पुढे ढकलत होतो. येतो म्हटलं होतं ना, मग काम निघायचं. शेवटी पा लमियतनंच फोन केला. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या आवाजात हसू नव्हतं. म्हणाली, डॉक्टर म्हणतायत घरी न्या, ते काही करतच नाहीत तर इथे खाट अडवून काय उपयोग, दुसरी माणसं रांगेत आहेत. "घरी आणलं की ते उठायचेच नाहीत, पियाक. मला माहीत आहे ना माणूस. भिंतीकडे तोंड करून पडतील ते पडतील." फोन ठेवल्यावर मी जागचा हललो नाही. आजवर मी समजत होतो की माझं गप्प बसणं म्हणजे झालेल्या गोष्टीवर पांघरूण. झालं ते झालं, सांगून त्यांचा हात थोडाच परत येणार, उलट शेजार जाईल, असा हिशेब. आता कळत होतं की ती गोष्ट झालेली नव्हतीच, ती चालूच होती. रोज सकाळी ती मुलगी आजोबा म्हणत येते, आणि रोज सकाळी मी त्यांचा हात दाबून धरतो. ब्रेक अजून मी सोडलेलाच नव्हता.

वॉर्डात पंखे फिरत होते, खाटांमध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी फट, नातेवाईक खाली चटया टाकून जेवत होते, तळलेल्या लसणीचा वास. लुंग कोपऱ्यात. एवढासा झालेला माणूस, आणि त्यांचे ते बर्फ ओढणारे हात चादरीवर कुणाचे तरी विसरलेले वाटत होते. मला बघून त्यांनी डावा हात उचलला. तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले. पा म्हणाली, बघा, तुमचा पियाक आला, आणि गरम पाणी आणायला गेली. ती मुलगी नुकतीच येऊन गेली होती, उशाशी रबरी चेंडू पडला होता, हात न लावलेला. मी स्टुलावर बसलो. वाटेत मी नीट जुळवून आणलं होतं, बॅटरीपासून सुरुवात करायची, मग गाडी विसरते कशी ते, म्हणजे चूक थोडी यंत्राकडेही जाते. ते सगळं बाजूला राहिलं.

"लुंग, त्या दिवशी गाडीला ब्रेक लागलेला होता."

ते छताकडे बघत होते. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "मागची दोन्ही चाकं जाम होती. हत्ती लावला असता तरी हलली नसती. तुमची ताकद गेलेली नव्हती."

मग त्यांनी मान फिरवली. शब्द त्यांच्या तोंडातून ओले आणि वेडेवाकडे येत होते, पण मला एकेक कळला.

"तू... म्हणालास... बोटानं."

"म्हणालो होतो."

"कळलं कधी?"

हा प्रश्न ते विचारतील असं मला वाटलंच नव्हतं. मी लोकांना रोज हाच विचारतो. "त्याच सकाळी," म्हणालो. "तुम्हाला स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा."

त्यांचा चांगला डोळा माझ्यावर होता आणि तो हळूहळू लाल होत गेला. मी वाट बघत होतो, शिवी येईल, चेंडू येईल अंगावर. त्यांनी फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्या मागे पा थर्मास घेऊन उभी होती, केव्हा आली होती कोण जाणे. तिनं थर्मास टेबलावर ठेवला, झाकण दोनदा घट्ट केलं. मी हात जोडले. तिनं जोडले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या नमस्काराला नमस्कार केला नाही. "तू जा आता," म्हणाली. मी निघालो. मागे वळून बघितलं तर ते तसेच भिंतीकडे तोंड करून, ती म्हणाली होती अगदी तसेच. बस चुकवून मी चालत निघालो. मनात एकच येत होतं की मी माझं ओझं उतरवायला गेलो आणि ते त्या माणसाच्या छातीवर ठेवून आलो. निदान तोवर त्याला कुणाचा राग तरी येत नव्हता.

त्याच संध्याकाळी मी बेंजा बाईंचं दार वाजवलं. त्यांनी साखळी न काढता ऐकलं. मग साखळी काढली, आणि म्हणाल्या, मीही ढकलत होते त्यांच्यासोबत, भिंत ढकलावी तशी होती, मी म्हटलंसुद्धा, लुंग, सोडा, त्याला फोन करते. "तर म्हणाले, येईल गं, पियाकनं सांगितलंय, त्याची गाडी अडत नाही." त्या हे कुणालाच बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर लोक म्हणाले असते, स्वतःचं झाकतेय. मग दार लावलं. बिल्डिंगमध्ये मी कुणाकुणाला आपणहून सांगितलं, आणि बाकीच्यांना आपोआप कळलं. वॉचमन मला सलाम करायचा बंद झाला. सकाळी माझी गाडी आडवी दिसली की लोक तिला हात लावायच्या आधी मला फोन करतात, ती मोकळी असली तरी. मी खाली येतो, सगळ्यांसमोर स्वतः ढकलतो. त्यांचं बरोबरच आहे. बेंजा बाई पुन्हा लिफ्टनं जाऊ लागल्या. मी आत असलो तर मात्र पुढच्या लिफ्टसाठी थांबतात.

पा लमियत दिसायची, लगबगीनं दवाखान्यात जाताना, डबा घेऊन. माझ्याकडे बघायची नाही. त्यांना घरी आणलं नव्हतं एवढं मला दिसत होतं, त्याचा अर्थ चांगला की वाईट, हे विचारायचं तोंड मला नव्हतं. मग एका सकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच सापडलो. ती दाराकडे तोंड करून उभी राहिली, मी मागे. तिच्या डब्यातून आल्याच्या पेजेचा वास येत होता. दोन मजले खाली आल्यावर ती दाराशीच बोलल्यासारखी म्हणाली, "रोज उठतात आता."

मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिलो. भीती वाटली, बोललो तर ती थांबेल.

"त्या मुलीलाच दम देतात. ती म्हणते पुरे आजोबा, हे म्हणतात अजून एकदा. घामाघूम होतात, रडतात, शिव्या घालतात. काल धरून धरून वॉर्डाच्या दारापर्यंत गेले." मग ती वळली. चेहरा ओढलेला होता, आणि हसू नव्हतंच. "शिव्या तुलाच घालतात."

"मी येऊ का भेटायला?" मी विचारलं.

"मुळीच येऊ नकोस. तुझं नाव काढलं तरी अन्नावरून उठतात. त्यांनी निरोप दिलाय. मी देणार नव्हते, पण रोज विचारतात, सांगितलंस का." लिफ्ट थांबली, दार उघडलं, ती बाहेर पडली आणि दारात हात धरून उभी राहिली, दार पुन्हा पुन्हा मिटायला बघत होतं. "म्हणालेत, त्याला सांग, घर बदलून पळून जाऊ नकोस. मी माझ्या पायांनी खाली येणार आहे, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या कानाखाली वाजवणार आहे. उजव्या हातानं."

"उजव्या?"

"उजव्याच. मीही विचारलं दोनदा."

मी म्हटलं, सांग त्यांना, मी इथेच आहे.